पॅसिव्ह कोण, हे ठरवतं कोण?

मॅटवर पंच जे निर्णय देतात, त्यातले बहुतेक डोळ्यांना दिसतात. पाय रेषेबाहेर पडला, एक गुण. पट काढून कब्जा घेतला, दोन गुण. दोन्ही खांदे टेकले, कुस्ती संपली. पंच चुकलाच तर नेमका कुठे चुकला, ते बोट ठेवून दाखवता येतं. एक निर्णय मात्र निव्वळ ‘वाटण्यावर’ चालतो. अमुक पैलवान लढत नाही, वेळ काढतोय, असं पंचाला वाटलं की तो त्याला पॅसिव्ह ठरवतो. का वाटलं, ते त्याला सांगावं लागत नाही. माझं भांडण या न सांगण्याशी आहे.

मी पाच वर्षं कॉलेजकडून मॅटवर खेळलो. आधी ५७ किलोत, मग ६१ किलोत. या काळात चितपट होऊन हरलो, गुणांवर हरलो, त्याची बोच कधीच निघून गेली. समोरचा सरस होता, विषय संपला. पॅसिव्हिटीच्या एका गुणावर गेलेल्या कुस्त्या मात्र अजून डोक्यातून जात नाहीत. आमच्या तालमीतल्या कुठल्याही पोराला विचारा, तोही हेच सांगेल.

ज्यांनी फक्त रील्सवर कुस्ती पाहिली आहे त्यांच्यासाठी नियम थोडक्यात. फ्रीस्टाइलची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. कुणी मागे मागे सरकतोय, बोटं अडकवून ठेवतोय, नुसतं डोकं लावून उभा आहे, असं दिसलं की आधी समज मिळते. पुन्हा तेच झालं तर ३० सेकंदांचं घड्याळ लागतं. त्या ३० सेकंदांत कुणालाच गुण मिळाला नाही, तर समोरच्याला फुकटचा एक गुण. याहून गंमत पुढे आहे. पहिल्या फेरीची दोन मिनिटं शून्य-शून्य गेली, तर पंचाला दोघांपैकी एकाला पॅसिव्ह ठरवावंच लागतं. दोघांनी सारखीच खडाखडी केली असली तरी. म्हणजे पंचाला ज्या प्रश्नाचं उत्तर खरोखर ठाऊक नाही, त्याचंही उत्तर देण्याची सक्ती नियमच करतो.

हा नियम वेडेपणातून आलेला नाही. त्याच्या आधी जे होतं ते याहून वाईट होतं. २०१२च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत फेरी शून्य-शून्य सुटली की पिशवीतून रंगीत चेंडू काढायचे. ज्याचा रंग निघेल त्याला समोरच्याचा पाय हातात धरून सुरुवात करायला मिळायची. चार वर्षांची मेहनत आणि निकाल लॉटरीवर! फेब्रुवारी २०१३मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीला ऑलिंपिकमधून वगळण्याची शिफारस केली, तेव्हा सगळ्यांची झोप उडाली. जागतिक संघटनेचा अध्यक्ष बदलला, चेंडू गेला, तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या आल्या, रेंगाळणाऱ्याला शिक्षा करायचं ठरलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कुस्ती ऑलिंपिकमध्ये परत आली. हेतू चांगलाच होता. पण चेंडूच्या जागी आपण पंचाचा अंदाज आणून ठेवला. चेंडूचं निदान एक बरं होतं, तो कुणाच्या ओळखीचा नव्हता.

या एका गुणाची किंमत किती, ते पॅरिसमध्ये २०२४ साली दिसलं. ७६ किलो गटात रीतिका हुडा उपांत्यपूर्व फेरीत किर्गिझस्तानच्या ऐपेरी मेदेत किझीविरुद्ध उभी होती. कुस्ती १-१ अशी सुटली. दोन्ही गुण पॅसिव्हिटीचे. बरोबरीत डावांची किंमत आणि ताकिदी बघून फरक पडला नाही, तर शेवटचा गुण ज्याचा तो जिंकतो, असा नियम आहे. शेवटचा गुण किर्गिझस्तानच्या पैलवानाचा होता, रीतिका हरली. तो निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतोय की सहा मिनिटांत कुणीही डावाचा एकही गुण घेतला नाही आणि ऑलिंपिकची उपांत्यपूर्व कुस्ती निकाली निघाली.

चार दिवस आधी, त्याच सभागृहात, विनेश फोगाट युई सुसाकीसमोर होती. सुसाकी म्हणजे टोकियोची सुवर्णविजेती, आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर न हरलेली. विनेशने पॅसिव्हिटीचे दोन गुण जाऊ दिले, ०-२ने मागे राहिली, आणि शेवटच्या काही सेकंदांत सुसाकीला खाली घेऊन कुस्ती ३-२ अशी मारली. पंच तिला पॅसिव्ह म्हणत होते तेव्हा ती काय करत होती? वाट बघत होती. वाट बघणं हाही कुस्तीचा भाग आहे. कुठलाही वस्ताद पोराला आधी हेच शिकवतो, की समोरच्याचा पाय पुढे येईपर्यंत हात घालू नको. विनेशला त्या वाट बघण्याची किंमत आधीपासून माहीत होती, ती मोजून ती खेळली. किंमत ठरलेली असेल आणि दोघांना सारखीच लागणार असेल, तर माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती किंमत पंचागणिक बदलते तेव्हा.

आणि ती बदलते. ऑलिंपिकमध्ये निदान मॅटवरचा पंच, साईड पंच आणि मॅट चेअरमन असे तिघे असतात, कॅमेरे असतात, जग बघत असतं. कॉलेजच्या स्पर्धेत काय असतं? मंगल कार्यालयाच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये दोन मॅट, सकाळी वजनं, दिवसभरात शंभरएक कुस्त्या, आणि टेबलावर बसलेली थकलेली माणसं. माझ्या पाहण्यातल्या कित्येक स्पर्धांत पंच म्हणून उभे असलेले सर त्याच स्पर्धेत उतरलेल्या एखाद्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक होते. ते मुद्दाम कुणाला जिंकवतात असा माझा आरोप नाही. पण आपल्या पोराची खडाखडी ‘दबाव’ वाटते आणि दुसऱ्याच्या पोराची ‘टाळाटाळ’ वाटते, हे माणसाला कळतही नाही.

एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सकाळी मी एक गुणाने मागे होतो. समोरचा दुसऱ्या फेरीत सतत नारिंगी पट्ट्याकडे सरकत होता. मी गर्दनखेच करत त्याच्या अंगावर जात होतो. पंचांनी त्याला फक्त ‘आत ये’ म्हटलं आणि वेळ संपली. दुपारी तिसऱ्या क्रमांकाच्या कुस्तीत मी एक गुणाने पुढे होतो, तेच पंच होते, आणि मी दोन पावलं मागे घेताच माझ्यावर घड्याळ लागलं. १-१ झालं. शेवटचा गुण त्याचा, पदकही त्याचं. मी सरांना नीट, हात जोडून विचारलं, की सकाळच्यात आणि आत्ताच्यात फरक काय होता? ते म्हणाले, “बाळा, नजरेला दिसतं ते.” माणूस वाईट नव्हता. त्यांच्याकडे खरंच दुसरं उत्तर नव्हतं, कारण उत्तर तयार ठेवायला त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

कुणी म्हणेल, एका ब्राँझसाठी एवढं काय? महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. प्रमाणपत्रावर पहिला, दुसरा की तिसरा, यावरून पोराचं पुढचं आयुष्य वळण घेतं. बापाने म्हैस विकून खुराक पुरवलेला असतो. तालमीच्या खोलीचं भाडं थकलेलं असतं. तिथे ‘नजरेला दिसलं’ हे उत्तर पुरत नाही.

आता महाराष्ट्र केसरीकडे या. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षेने खांदे टेकलेच नाहीत असं म्हणत दाद मागितली आणि शेवटी पंचांना लाथ मारली. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडने पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन मॅट सोडली. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात किंवा पाय उचलणं याला माझ्याकडे एका शब्दाचंही समर्थन नाही. उद्या कुणी चांगला माणूस पंच व्हायला तयार होणार नाही आणि मग आपल्याकडे फक्त निबर माणसं उरतील. पण एक गोष्ट बघा. त्या कुस्तीवर निदान वाद घालता आला. तुम्ही आम्ही सगळ्यांनी मोबाईलवर ती क्लिप थांबवून थांबवून पाहिली, खांद्याखाली किती जागा आहे ते मोजलं. पॅसिव्हिटीची क्लिप थांबवून काय बघणार? एका फ्रेममध्ये सगळेच पैलवान उभेच दिसतात.

‘हल्ला करा, मग कोण पॅसिव्ह म्हणेल?’ हा सल्ला मला शंभर वेळा मिळालाय. तो देणाऱ्याने कधी समोरच्याच्या चुकीवर ढाक मारलेली नसते. शिवाय हल्ला कशाला म्हणायचं तेच तर ठरलेलं नाही. एक पंच पायाकडे खोटा हात दाखवला तरी खूश होतो, दुसऱ्याला खरा पट लागतो. पोरं मग कुस्ती शिकण्याऐवजी पंच शिकतात. आज मॅटवर कोण आहे, त्याला काय दाखवायचं, यावर सकाळी चर्चा होते.

हा तंटा फक्त आपला नाही. अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीत याला स्टॉलिंग म्हणतात. पहिल्यांदा ताकीद, पुढे दोन वेळा एकेक गुण, मग दोन गुण, पाचव्यांदा पैलवान थेट बाद. शिक्षेच्या पायऱ्या इतक्या स्वच्छ असूनही तिथले प्रेक्षक पंचांच्या नावाने ओरडतच असतात, कारण पहिल्या पायरीवर कुणाला कधी चढवायचं हे तिथेही पंचाच्या वाटण्यावर आहे. पण त्यांनी एक शहाणपण केलं. २०२३-२४च्या हंगामापासून समोरच्याला खाली घेण्याचे दोनाऐवजी तीन गुण केले. रेंगाळणाऱ्याला मारत बसण्यापेक्षा लढणाऱ्याचा मोबदला वाढवला.

जागतिक नियम आपण तालमीत बसून बदलू शकत नाही. पण आपल्या कॉलेजच्या, जिल्ह्याच्या स्पर्धा आपल्याच लोकांच्या हातात आहेत. माझ्या मागण्या चार आहेत आणि एकीलाही पैसा लागत नाही. पहिली, घड्याळ लावताना पंचाने कारण मोठ्याने सांगावं: ‘लाल, मागे सरकतोय’, ‘निळा, बोटं अडकवतोय’. दुसरी, तेच कारण गुणपत्रकावर दोन शब्दांत लिहावं. तिसरी, ज्याच्या कॉलेजचा पैलवान त्या गटात आहे, त्याने त्या गटात पंच म्हणून उभं राहू नये. चौथी, संध्याकाळी पंचांनी एकत्र बसून दिवसातल्या दोन-तीन कुस्त्या पाहाव्यात आणि आपसात ठरवावं, की उद्या आपण सगळे कशाला पॅसिव्ह म्हणणार आहोत. लागलेला निकाल बदलू नका. उद्याचा निकाल सारख्या मापाने लावा, एवढंच.

कारण सांगावं लागलं की माणूस आपोआप सावध होतो. ‘बाळा, नजरेला दिसतं’ म्हणणाऱ्या सरांना सकाळी एक आणि दुपारी दुसरं कारण कागदावर लिहावं लागलं असतं, तर फरक त्यांनाच आधी दिसला असता. आणि मी हरलोच असतो, तर कशामुळे हरलो हे घेऊन तालमीत परतलो असतो.

एक काम तुमचंही आहे. कुस्ती बघायला जाता, मोबाईल काढता, शेवटचे दहा सेकंद टाकता, खाली लिहिता ‘पंच विकला गेला’. त्या दहा सेकंदांत काहीच कळत नाही. कोण किती वेळ मागे सरकला, कुणी किती वेळा खरा हात घातला, हे सहाच्या सहा मिनिटांत कळतं. पुढच्या स्पर्धेला सलामीपासून हात वर होईपर्यंत रेकॉर्ड करा, न कापता टाका, आणि कुठल्या मिनिटाला कुणावर घड्याळ लागलं तेवढं खाली लिहा. शिव्या नकोत, पंचाचं नावही नको. दहा-वीस अशा पूर्ण कुस्त्या शेजारी शेजारी ठेवल्या, की माप सारखं आहे की नाही ते कुणालाही तपासता येईल.