टीव्ही बंद केला, पण तक्रार कोण करणार?

जुन्या नाशकात, वडाळ्यात कितीतरी घरी हेच चालतं. अब्बांनी रात्री बातम्या लावल्या की मुलगा मोबाइल घेऊन गच्चीवर. आम्ही त्याला दोष देत नाही. २०२० मध्ये तबलीगच्या नावाने चॅनेलवाल्यांनी केवढा गोंधळ घातला! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, माध्यमांच्या प्रचारावर ताशेरेही ओढले.

पण गच्चीवर तरी काय पाहतो तो? त्याच चर्चेचा तुकडा, रील करून. कुणी बनवली, कधीची, पत्ता नाही.

चॅनेलला निदान जाब विचारता येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'लव्ह जिहाद'वरच्या कार्यक्रमांसाठी वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने टाइम्स नाऊ नवभारतला १ लाख आणि न्यूज १८ इंडियाला ५० हजारांचा दंड केला. व्हिडिओ काढायला लावले. तक्रार एका नागरिकाची होती. रक्कम त्यांच्यासाठी चणे-फुटाणे, हे मान्य.

तक्रार आधी चॅनेलकडे, प्रसारणापासून सात दिवसांत करायची. तारीख, वेळ, कार्यक्रम, नेमकं वाक्य लिहायचं. उत्तर पटलं नाही तर संस्थेकडे जायचं. स्क्रीनशॉट काढणं, ईमेल लिहिणं आपल्या पोरापोरींना आपल्यापेक्षा चांगलं जमतं. अब्बांनी फक्त गच्चीवर हाक मारायची.