निवड शाळेने करायची की पालकांनी?

बारामतीतली चाळणी परीक्षा घेणारी शाळाच मुलग्यांना घडवते, गावची अनुदानित शाळा म्हणजे नाइलाज, हे गेल्या आठवड्यातल्या पत्रातले मत पटले नाही. नवोदयसारखे अपवाद सोडले, तर शिक्षणहक्क कायद्याने (२००९) आठवीपर्यंत अशी चाळणीच नाकारली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये ‘रयत’ शिक्षण संस्था काढली, तीही येईल त्या पोराला शिकवायला. निवडून घेतलेली पोरे पास झाली, यात शाळेचे कौतुक ते काय? शाळा बघायला जाल तेव्हा निकालाचा फलक नंतर वाचा. आधी प्रयोगशाळेचे कुलूप बघा. गंजलेले असेल तर पुढची शाळा गाठा. माझ्या मुलाच्या शाळेतले कुलूप रोज उघडून गुळगुळीत झाले आहे.

– एक पालक, निमगाव केतकी (ता. इंदापूर)