एक तोळा आठ मासे

बँकेत सोनेतारण कर्जाच्या खिडकीवर मी काही वर्षं काढली. एकदा एका वृद्ध खातेदारानं दागिन्यांच्या पुरचुंडीतून रिकामं पितळी काडतूस काढून टेबलावर ठेवलं. त्यांचे वडील संस्थानच्या शिकारखान्यात नोकरीला होते.

"सायेब, ह्येच्या गोळीचं वजन किती?" त्यांनी मिश्कीलपणे विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "तीनशे ग्रेन. म्हंजे एक तोळा आठ मासे. एवढ्यात टनाचा गवा खाली बसतोय!"

ते काडतूस ३७५ मॅग्नमचं होतं. हॉलंड अँड हॉलंड या इंग्रज कंपनीनं १९१२ साली ते काढलं. दाजीपूरचं रान तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांचं राखीव शिकारीचं रान होतं. जाणते शिकारी गोळी पारखून घेत. वाघाला मऊ टोकाची. ती अंगात शिरताच फुलते आणि सगळा जोर तिथंच देते. गव्याच्या जाड कातड्यात नि खांद्याच्या हाडात ती अडकून पडण्याची भीती. म्हणून त्याला कठीण आवरणाची, भरीव गोळी. नेम बसत नसेल तर बार काढायचाच नाही. जनावर जखमी झालंच, तर माग काढून त्याच्या यातना संपवल्याशिवाय परतायचं नाही.

मी शिकारीचे गोडवे गात नाही. न्यू पॅलेसमधल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांसमोर मला आजही ओशाळल्यासारखं होतं. दाजीपूर १९५८ साली अभयारण्य झालं, १९७२ च्या कायद्यानं गव्याला संरक्षण मिळालं, हे उत्तमच झालं. पण 'आपल्यामुळे जनावर तडफडू नये' ही जबाबदारी बंदुकीबरोबरच गेली का?

डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला एक गवा वाट चुकून आला. त्याला गोळी कुणी घातली नाही. तरी कित्येक तास लोक मागे लागले, तो ऊर फुटेस्तोवर धावला, आणि पकडल्यावर मेला. भुलीच्या इंजेक्शनाचंही काडतुसासारखंच असतं. वजनाचा अंदाज घेऊन मात्रा ठरवावी लागते, आणि औषध अंगात भिनेपर्यंत शांतता लागते. वनखात्यानं मात्रा कितीही अचूक काढली, तरी शांतता आपणच द्यायची असते.

आता गवे कोल्हापूरच्या वेशीपर्यंत येतात. अशा वेळी दार लावून घरात बसणं, मुलांना आत घेणं, एवढंच आपलं काम. खिशातला मोबाइल मी परवा सहज तोलून पाहिला. सतरा तोळे भरला. एका गव्याला पुरून उरेल एवढा.