वकिलीची सनद आणि कर्जाचा हप्ता

लॉला ॲडमिशन घ्यायची तर कॉलेजच्या नावाआधी कर्जाचा हिशेब मांडा. २०२५ मधल्या तीन निर्णयांनी तो पार बदलून टाकलाय.

२०२५ च्या मे ते ऑगस्ट या काळात तीन बातम्या आल्या. २० मे रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश व्हायचं असेल तर किमान तीन वर्षं वकिली केलेली असली पाहिजे. ऑगस्टमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नवीन लॉ कॉलेजांना तीन वर्षं मान्यता न देण्याचा निर्णय घेतला. आणि १७ ऑगस्टला मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्या बेंचकडे गेले.

तिन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापून आल्या. पण सांगोल्यातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला लॉ करायचं असेल, तर त्या एकाच हिशेबाच्या तीन ओळी आहेत. शिकायला किती पैसे लागणार, कमाई कधी सुरू होणार आणि काम कुठे मिळणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यांनी हलवली आहेत. आपण मात्र अजून "कुठलं कॉलेज टॉपचं?" इथेच अडकलोय.

आधी आकडे मांडू

लॉच्या दोन वाटा आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत, म्हणजे एनएलयूंत, जायचं तर क्लॅट द्यायची. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा तीन ठिकाणी ही विद्यापीठं आहेत. राज्यातल्या बाकी कॉलेजांसाठी सीईटी सेलची एमएच-सीईटी लॉ असते. क्लॅट फक्त इंग्रजीत होते. सीईटीचा पेपर मराठीतही असतो. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी हा फरक लहान नाही.

खर्चात तर जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एनएलयूत फी, हॉस्टेल, मेस धरून वर्षाचा खर्च साधारण दोन ते चार लाखांच्या घरात जातो. काही खासगी विद्यापीठांत तो पाच लाखांच्याही पुढे असतो. उलट १८५५ साली सुरू झालेल्या मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजची वर्षाची फी काही हजारांत आहे. तिथे खरा खर्च मुंबईत राहण्याचा.

आता समजा, एखाद्याने पाच वर्षांच्या कोर्ससाठी दरवर्षी दोन लाख असं एकूण दहा लाखांचं कर्ज काढलं. व्याज दहा टक्के धरू. शैक्षणिक कर्जात कोर्स चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. पण व्याजाचं मीटर चालूच असतं. पहिल्या वर्षीच्या दोन लाखांवर सहा वर्षांचं व्याज, दुसऱ्या वर्षीच्या दोन लाखांवर पाच वर्षांचं, असं सरळव्याजाने जोडत गेलं तर चार लाख होतात. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी डोक्यावर दहा नाही, चौदा लाख असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण साडेअठरा हजार. पंधरा वर्षांत फेडायचे तर पंधरा हजार.

दुसरा हिशेब. सांगोल्यातच घरी राहून बी.ए. किंवा बी.कॉम. केलं, मग सोलापूर किंवा कोल्हापूरला तीन वर्षांचं लॉ. त्यासाठी वर्षाला पन्नास हजार असं दीड लाखाचं कर्ज घेतलं. हप्ता सुरू होईपर्यंत पंचेचाळीस हजार व्याज चढेल. पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता चार हजार दीडशेच्या आसपास येतो.

चार हजार आणि साडेअठरा हजार. पुढची दहा वर्षं कुठलं काम घ्यायचं आणि कुठलं सोडायचं, हे हा फरक ठरवतो.

जज व्हायचंय? मग मधली दोन वर्षं बघा

आपल्याकडे लॉला जाणाऱ्या अनेकांच्या, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांच्या, मनात एक चित्र असतं. पोरगं जेएमएफसी होणार. चित्र वाईट नाही. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगानुसार या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ७७,८४० रुपये आहे. आधी लॉ संपलं की एमपीएससीची ही परीक्षा थेट देता यायची. आता मध्ये तीन वर्षांची वकिली आली.

इथेच दोन घड्याळं जुळत नाहीत. बँकेची सवलत कोर्सनंतर एक वर्ष. कोर्टाची अट तीन वर्षं. म्हणजे किमान दोन वर्षं अशी जाणार की हप्ता सुरू झालाय आणि तुम्ही अजून ज्युनिअर आहात. ज्युनिअरला मिळतं किती? ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं, की ज्युनिअर वकिलांना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं. पण ही शिफारस आहे, सक्ती नाही. ती शंभर टक्के पाळली गेली असं धरलं, तरी तालुक्याच्या कोर्टातल्या ज्युनिअरचे पंधरा हजार आणि चौदा लाखांच्या कर्जाचा साडेअठरा हजारांचा हप्ता. जेवणखाण, पेट्रोल, काळा कोट यांचा खर्च अजून धरलेलाच नाही.

तीन वर्षांच्या अटीमागचा विचार पटण्यासारखा आहे. कोर्टात एकदाही उभं न राहिलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या जमिनीचा आणि जामिनाचा निर्णय करू नये, हे कुणीही मान्य करेल. पण ही तीन वर्षं कुणाला परवडतात, हा प्रश्न उरतोच. ज्याच्या घरात आधीपासून वकिली आहे, तो वडिलांच्या ऑफिसात बसून ती काढेल. कर्ज काढून शिकलेली मुलगी दुसऱ्याच वर्षी मिळेल ती नोकरी धरेल, आणि जजच्या खुर्चीपर्यंत पोचायच्या आधीच वाटेतून बाहेर पडेल.

थोडा दिलासाही त्याच निकालात आहे. ही तीन वर्षं तात्पुरती सनद मिळाल्यापासून मोजली जातात, ऑल इंडिया बार एक्झाम पास झाल्यापासून नाही. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं. अनुभवाचा दाखला दहा वर्षं वकिली केलेले सीनियर देऊ शकतात. त्यावर त्या जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मोहोर लागते. म्हणजे ही तीन वर्षं मुंबईतच काढावी लागतील असं काही नाही. सांगोला किंवा पंढरपूरच्या कोर्टात, घरचं जेवण खाऊन काढलेली तीन वर्षंही तितकीच मोजली जातात. फक्त निकाल लागला की सनदेच्या अर्जाला उशीर करू नका. ३० जुलै २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर नोंदणी शुल्क खुल्या वर्गासाठी ७५० आणि एससी, एसटीसाठी १२५ रुपयांच्या वर घेता येत नाही. त्याआधी वेगवेगळी राज्यं हजारोंनी पैसे घेत होती.

नावाची किंमत कधी वसूल होते?

मग महागडं कॉलेज घ्यायचंच नाही का? असंही नाही. मुंबई, दिल्लीतल्या मोठ्या लॉ फर्म्स नव्या मुलांना वर्षाला पंधरा लाखांहून जास्त पगार देतात, आणि त्यासाठी त्या मोजक्याच कॉलेजांत जातात. वरच्या एनएलयूत प्रवेश मिळत असेल आणि तुम्हाला खरंच कंपन्यांचे करार, विलीनीकरण, आंतरराष्ट्रीय लवाद असं काम करायचं असेल, तर दहा लाखांचं कर्ज फिटतं. तिथे कॉलेजच्या नावाला बाजारात भाव आहे.

गडबड होते ती मधल्या पायरीवर. फी वरच्या एनएलयूएवढी किंवा जास्त, आणि कॅम्पसवर येणाऱ्या फर्म्स मोजक्याच. अशा ठिकाणी "हायेस्ट पॅकेज" विचारू नका. ते एकाच मुलाचं असतं. विचारायचं ते हे: गेल्या वर्षीच्या बॅचमधल्या मधल्या मुलाला किती मिळाले? किती जणांना कॅम्पसमधून नोकरी लागली आणि किती जण स्वतःच्या ओळखीने लागले? सरळ उत्तर मिळत नसेल, तर तेच उत्तर समजा.

देशाचे ४९ वे सरन्यायाधीश उदय लळीत हे सोलापूरचे. हरिभाई देवकरण प्रशालेत शिकले आणि लॉ मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजमधून केलं. कोल्हापूर बेंचचं उद्घाटन करणारे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई अमरावती विद्यापीठाचे. ही नावं भाषणात सांगायला छान वाटतात, पण दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. दोघंही वकिलीत आले तेव्हा आजच्यासारख्या एनएलयू नव्हत्याच. आणि लळीतांच्या घरात आजोबांपासून वकिली होती. त्यामुळे "साध्या कॉलेजातूनही होतं" हे खरं असलं, तरी साधं कॉलेज घेणाऱ्याला चांगला सीनियर शोधण्याची मेहनत जास्त करावी लागते.

तारण म्हणून सातबारा चालत नाही

आपल्या भागातली एक वेगळीच अडचण आहे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागतो आणि त्यापुढे तारण लागतं. सांगोल्यातल्या घराकडे डाळिंबाची बाग असते, चार-पाच एकर रान असतं. वडिलांना वाटतं, सातबारा दाखवला की काम झालं. पण बँका कर्जवसुलीसाठी वापरतात त्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे बहुतेक बँका या कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला राजी नसतात. त्यांना एनए प्लॉट, घर किंवा मुदत ठेव हवी असते. नोकरदाराच्या मुलाला जे सहज मिळतं, ते बागायतदाराच्या मुलाला अडतं.

शिवाय कर्जात आईवडील सहकर्जदार असतात. पोराचे हप्ते थकले की सिबिल वडिलांचंही बिघडतं. तेल्याने बाग गेलेल्या वर्षी नेमकं ट्रॅक्टरचं किंवा ठिबकचं कर्ज अडू शकतं.

तारणाच्या बाबतीत नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना कामाची आहे. यादीतल्या संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याज सरकार भरतं. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्यावसायिक कोर्ससाठी पूर्ण व्याजमाफीची सोय आहे. तीन टक्क्यांची सवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरतीच आहे. संस्था यादीत आहे का, हे फी भरायच्या आधी बघा.

राज्याच्या जुलै २०२४ च्या निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. खोली आणि मेस त्यात येत नाही. त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार, सावित्रीबाई फुले आधार अशा योजना आहेत. आपला कोर्स आणि कॉलेज महाडीबीटीवर कुठल्या योजनेखाली दिसतं, हे ऑप्शन फॉर्म भरतानाच तपासायचं.

कोल्हापूर जवळ आलं

आतापर्यंत सांगोल्यातलं अपील हायकोर्टात गेलं की रात्रीची गाडी, दिवसभर फोर्टात कोर्ट आणि पुन्हा रात्रीची गाडी. पक्षकार इथला, पण हायकोर्टातला वकील मुंबईचा. आता हायकोर्ट रत्नागिरी–नागपूर महामार्गावर आलंय, सांगोल्यातून सरळ. जमिनीच्या वाटपाची दुसरी अपिलं, भूसंपादनाचा मोबदला, जामीन, रिट या सगळ्यासाठी इथल्या माणसाला, इथली भाषा आणि इथला सातबारा कळणारा वकील लागणार आहे. सोलापूर किंवा कोल्हापूरच्या कॉलेजात शिकणाऱ्याला इंटर्नशिपसाठी मुंबईत खोली घ्यायचीही गरज उरली नाही. जिल्ह्यातल्या कॉलेजचं मोल या एका निर्णयाने वाढलंय.

वकिलीत पगारी कामही आहे. नाल्साच्या २०२२ च्या योजनेत गरीब आरोपींचा बचाव करायला मानधनावर पूर्णवेळ वकील नेमले जातात. पण असं काम निवडायचं स्वातंत्र्य हप्ता लहान असलेल्यालाच मिळतं. अमेरिकेत २००७ पासून एक सोय आहे: सरकारी किंवा जनहिताच्या कामात राहून १२० हप्ते भरले की उरलेलं सरकारी शैक्षणिक कर्ज माफ होतं. आपल्याकडे कायदेशीर मदतीचं काम करणाऱ्या वकिलासाठी असं काही नाही.

मागायला हवं ते इथेच. कोर्टाने तीन वर्षं वकिली करा म्हटलंय, तर लॉच्या कर्जाची सवलतही कोर्सनंतर एक वर्षाऐवजी तीन वर्षं करायला काय हरकत आहे? कमाई कमी असेल तर मध्ये सहा-सहा महिने हप्ता थांबवण्याची मुभा आदर्श योजनेत आजही आहे. शाखेत ती आपणहून कुणी सांगत नाही, विचारावी लागते.

तोवर ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी वहीच्या एका पानावर तीन आकडे लिहा. हप्ता सुरू होईल त्या दिवशीचं एकूण कर्ज. त्याचा महिन्याचा हप्ता. आणि जे काम करायचंय त्यात पहिल्या तीन वर्षांत मिळणारी कमाई. तिसरा आकडा दुसऱ्याच्या निदान दुप्पट नसेल, तर यादीतलं पुढचं कॉलेज बघा. हे पान घरच्यांनाही दाखवा. सही त्यांचीही लागणार आहे.