‘फाजल’ माणसांचे हसू

आपल्या मंडळाच्या मागील बैठकीत मी कर्ट व्हॉनेगट या अमेरिकन लेखकाच्या ‘प्लेअर पियानो’ या पहिल्या कादंबरीविषयी वीस-पंचवीस मिनिटे बोललो. बोलणे संपले, टाळ्या झाल्या, चहा आला, आणि चहाबरोबर आक्षेपही आले. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, १९५२ सालच्या, तेही परदेशातल्या कादंबरीचे सुरतेतल्या मराठी माणसाला काय करायचे? दुसऱ्यांचे म्हणणे असे की, भविष्याचे असे काळे चित्र रंगविणे हा निराशावाद आहे. तिसरे गृहस्थ माझे जुने स्नेही. ते हसून म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, माणसांचा रोजगार जातो आणि तुमचा लेखक विनोद करतो, हे काही बरे नव्हे.’’ त्या वेळी मी उत्तर दिले नाही. चहा निवत होता, आणि उत्तर थोडक्यात देण्यासारखेही नव्हते.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. एक महायुद्ध यंत्रांच्या बळावर जिंकलेले आहे. माणसे आघाडीवर गेली असताना कारखाने यंत्रांनीच चालविले, आणि युद्ध संपल्यावर माणसांना परत कामावर घेण्याचे कारण उरले नाही. इलियम नावाच्या शहरात नदीच्या एका बाजूला व्यवस्थापक, अभियंते आणि यंत्रे, तर दुसऱ्या बाजूला बाकी सारी प्रजा. कोणाला कोणते काम द्यायचे हे पत्त्यांना भोके पाडणारे यंत्र ठरविते. ज्यांना काम नाही त्यांनी सैन्यात जावे किंवा रस्ते दुरुस्त करणाऱ्या सरकारी पथकात. लहानशा खड्ड्याभोवती पथकातली पुष्कळ माणसे उभी, आणि काम करणारे दोघे-तिघे, असा एक प्रसंग आहे. तो वाचताना ज्याला आपल्या शहरातला एखादा खोदलेला रस्ता आठवणार नाही, त्याने सुरत पाहिलेली नाही असे खुशाल समजावे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, आणि निराशावादाचा आक्षेप घेणाऱ्यांनी ती विशेष घ्यावी. या राज्यात कोणीही उपाशी नाही. सर्वांना घर आहे, कपडे धुण्याचे यंत्र आहे, विमा आहे. लेखकाचे दुःख भाकरीचे नाहीच. कोणाला आपली गरज उरलेली नाही, हे त्याचे दुःख आहे. आपल्यापैकी जे निवृत्त आहेत त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावे, हे काही परक्या देशाचे वर्णन आहे काय? महिन्याच्या महिन्याला निवृत्तिवेतन खात्यावर जमा होते, औषधपाण्याची सोय आहे, आणि सकाळी दहा वाजता कोणीही आपली वाट पाहत नाही.

व्हॉनेगट जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील प्रसिद्धी विभागात नोकरीला होता. तेथे स्वयंचलित यंत्राने धातू कापला जाताना त्याने पाहिला, आणि तेथून या कादंबरीचे बीज पडले. रूडी हर्ट्झ हा तिच्यातला लेथवरचा सर्वांत कुशल कारागीर. तरुण अभियंते त्याची निवड करतात, त्याच्या हातांच्या हालचाली फितीवर नोंदवून घेतात, आणि पुढे ती फीत लावली की लेथ आपोआप चालते. रूडीची गरज संपली. पण लेखकाने यात रडारड घातलेली नाही. रूडीला आपली निवड झाल्याचा अभिमान वाटतो आणि ती पोरेच त्याला बिअर पाजायला नेतात! अनेक वर्षांनी त्या अभियंत्यांपैकी एक, म्हणजे नायक पॉल प्रोटिअस, नदीपलीकडच्या एका गुत्त्यात जातो, तेव्हा म्हातारा रूडी त्याच्या सन्मानार्थ स्वयंचलित पियानोत नाणे टाकतो. पट्ट्या वरखाली होत राहतात आणि वाजविणारा कोणी नसतो. कादंबरीचे नाव येथून आले आहे. तिसऱ्या आक्षेपाचे उत्तरही मला येथेच दिसते. हा विनोद रूडीवर नाही. ज्यांनी फीत तयार केली, आणि ती करताना आपण काय करीत आहोत हे ज्यांना उमजले नाही, त्यांच्यावर तो आहे.

म्हणजे आपल्यावर. मी राज्य सरकारच्या एका खात्यात नोकरी केली. संगणक आले त्या काळात आमच्या कार्यालयातली टंकलेखकांची पदे कमी करण्याची टिपणी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. गुजराती कारभाराच्या भाषेत अशा कर्मचाऱ्याला ‘फाजल’ म्हणतात. आपल्या मराठीत ‘फाजील’ म्हणजे अंमळ आगाऊ. दोन्ही शब्द एकाच कुळातले, आणि दोहोंचा रोख एकच की हा माणूस नको. आमच्याकडे एक ज्येष्ठ टंकलेखक होते. कळफलकाच्या नुसत्या आवाजावरून शेजारच्याची चूक ते ओळखीत. माझी ती टिपणी त्यांनीच टंकलिखित केली. एकही खाडाखोड नव्हती. वरिष्ठांनी मसुद्याच्या स्पष्टतेबद्दल माझे कौतुक केले, आणि ते मी आनंदाने घरी येऊन सांगितले. रूडीचा प्रसंग वाचताना मी हसलो, आणि मग पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो.

कादंबरीतला बड कॅल्हून तर आणखी मजेदार. हा मोठा कल्पक गृहस्थ स्वतःचे काम करणारे यंत्र स्वतःच शोधून काढतो आणि त्यापायी बेकार होतो. पण मला सर्वांत प्रिय आहे तो परराष्ट्र खात्याचा अधिकारी हॅलयार्ड. ब्रातपूर नावाच्या काल्पनिक देशाच्या शहाला तो अमेरिका दाखवीत हिंडतो. शहाच्या भाषेत सामान्य माणसासाठी एकच शब्द, ‘ताकारू’, म्हणजे गुलाम. हॅलयार्ड पुनःपुन्हा सांगतो की हे गुलाम नव्हेत, नागरिक आहेत. शहा मान डोलावतो आणि पुन्हा ताकारूच म्हणतो. पुढे या रुबाबदार अधिकाऱ्याच्या बाबतीत यंत्राला आढळते की, महाविद्यालयात असताना शारीरिक शिक्षणाची अट त्याने पूर्ण केलेली नव्हती. झाले! पदवी गेली आणि तिच्यावर उभी असलेली डॉक्टरेटही गेली. चाळिशीतल्या या माणसाला कवायतीची परीक्षा द्यावी लागते. ज्याने सेवापुस्तकातल्या एका त्रुटीपायी कोणाचे निवृत्तिवेतन अडलेले पाहिले आहे, त्याला हा प्रसंग अतिशयोक्त वाटणार नाही.

राहिला पहिला आक्षेप, परदेशी आणि जुने पुस्तक असल्याचा. इलियममध्ये दोन समाजांच्या मध्ये नदी आहे. सुरतेत आपल्यापुरते ते काम रेल्वेचे रूळ करतात. रुळांपलीकडे लिंबायतमध्ये धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या घरांत अहिराणी बोलली जाते आणि त्यांच्यातले कितीतरी लोक लूमच्या खात्यांत राबले. आपण जुनी घराणी, रुळांच्या अलीकडची. साधे माग जाऊन वॉटरजेट आणि रेपिअर आले, एकेका कारीगराकडे अधिकाधिक माग आले, आणि ही बातमी आपण वर्तमानपत्रात वाचून घडी घालून ठेवली. हिऱ्याच्या धंद्यात कच्चा हिरा हातात धरून, भिंगातून पाहून, तो कोठे कापावा हे सांगणारी नजर तयार व्हायला वर्षे लागत. आता यंत्र हिऱ्याच्या पोटातले डाग मोजून कापाची रेघ आखून देते. २००८च्या मंदीत घंट्या बंद पडल्या आणि असंख्य रत्नकलाकार गावी परतले, तेव्हाही आपल्या बैठकीत ललित निबंधांचे वाचन चालू होते. माझेही एक होते.

आता मात्र सूर बदलला आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत पत्रे लिहिणारी, भाषांतर करणारी, हिशेब तपासणारी, संगणकाची आज्ञावलीसुद्धा लिहिणारी यंत्रे आली. पुण्या-बंगळूरच्या आपल्या मुलांच्या फोनवरच्या आवाजात काळजी ऐकू येऊ लागली, तशी मंडळात एकाएकी ‘मानवी मूल्यां’वर व्याख्याने ठरू लागली. मागाजवळच्या माणसाचा हात गेला तेव्हा ती प्रगती होती. आपल्या मुलाची लेखणी जाऊ लागली तेव्हा तो मूल्यांचा प्रश्न झाला. ही आपली ढोंगबाजी आहे, आणि व्हॉनेगट हसतो तो नेमका हिलाच. स्वजनांना असे हसणे मराठीला नवे नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये आपल्याच समाजाची टोपी उडविली, आणि त्यांना कोणी निराशावादी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. गिरणगावावर जयंत पवारांनी १९९७ साली ‘अधांतर’सारखे नाटक दिले, पण तोवर १९८२च्या संपाला पंधरा वर्षे होऊन गेली होती. उद्याचे आज लिहिणारे आपल्याकडे थोडे. नंदा खरे यांनी ‘उद्या’ लिहिली. तिला साहित्य अकादमीचा २०२०चा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. आपल्याकडे त्या नकाराची चर्चा कितीतरी दिवस चालली. कादंबरी मात्र मंडळाच्या कपाटातून किती जणांनी नेली, ते नोंदवहीत पाहावे.

‘प्लेअर पियानो’ निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पहिलेपणाचे दोष तिच्यात ठायी ठायी आहेत. उत्तरार्ध रेंगाळतो. नायकाची पत्नी ॲनिटा ही नवऱ्याच्या बढतीपलीकडे काही न दिसणारी कचकड्याची बाहुली आहे, आणि एकूण स्त्रिया लेखकाला समजलेल्याच नाहीत. कथानकाचा साचा हक्सलीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’वरून उचलल्याचे त्याने पुढे स्वतःच हसत कबूल केले. पण शेवट पाहावा. लोक बंड करतात, यंत्रे फोडतात. आणि मोडतोडीचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच त्यांच्यातली काही हुशार माणसे एक सरबताचे यंत्र दुरुस्त करायला बसतात. ते पुन्हा चालू होते तेव्हा भोवतालची गर्दी हरखून जाते. त्या माणसाला कित्येक वर्षांत प्रथमच हाताला काम मिळालेले असते, म्हणून तो खूष असतो. याला निराशावाद म्हणणाऱ्यांनी तेवढी पाने तरी वाचावीत.

मंडळाच्या सभासदयादीत लिंबायतचा एकही पत्ता नाही. पुढील बैठक तेथे एखाद्या शाळेत घ्यावी, असा लेखी प्रस्ताव मी कार्यवाहांकडे दिला आहे. कादंबरी मी मराठीतून सांगेन, आणि तिच्यावर प्रथम बोलण्याचा मान ज्याने माग चालविला आहे अशा माणसाला द्यावा. चहाचा खर्च माझ्याकडे.