डोक्याचा रंग पाहून कुरव ओळखायला जाल, तर फसाल!

परंड्यापासून समुद्र कित्येक तासांच्या अंतरावर. तरी हिवाळ्यात सीना-कोळेगावच्या पाण्यावर एखादा पांढरा-राखाडी पक्षी घिरट्या घालताना दिसला, की 'सीगल आला' असे म्हणायचा मोह होतो. आधी शेपूट पाहा. ती खोल दुभंगलेली आणि चोच पिवळीधमक असेल, तर तो आपल्याकडचा नदी सुरय. शेपूट पंख्यासारखी आणि अंग भरदार असेल, तरच कुरव, म्हणजे गल.

कुरव केवळ समुद्राचा नाही. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला दर हिवाळ्यात येणारा तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी अंडी घालतो.

गोंधळ होतो तो याच्यात आणि काळ्या डोक्याच्या कुरवात. गंमत म्हणजे त्याचे डोकेही काळे नसते, गडद चॉकलेटी असते! शिवाय हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी होतात, कानाजवळ फक्त काळसर ठिपका उरतो. म्हणजे ज्या खुणेवरून नाव पडले, तीच नेमकी आपल्याकडे गायब.

मग पाहायचे काय? पंखाचे टोक. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचे टोक काळे असते आणि त्यात पांढरे ठिपके आरशासारखे चमकतात. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कडा पांढरी असते, काळा रंग टोकाच्या किनारीपुरता. डोळाही मदत करतो : पहिल्याचा फिकट, दुसऱ्याचा गडद. मात्र तपकिरी डोक्याच्या पिल्लांचा डोळाही गडदच असतो आणि त्यांच्या पंखात ते आरसेही नसतात. टोक सरसकट काळे दिसते. त्यामुळे डोळ्यावरून एकट्याने निकाल देऊ नये. या दोघांपेक्षा बराच थोराड, पिवळ्या चोचीवर काळा पट्टा असलेला पक्षी दिसला, तर तो पल्लासचा कुरव असण्याची शक्यता मोठी.

म्हणूनच बसलेल्या पक्ष्याचा एकच देखणा फोटो पुरत नाही. उडताना पंख पूर्ण उघडलेली चार-पाच छायाचित्रे हवीत. पंखाची वरची बाजूही हवी आणि खालचीही. शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा. गडद पाण्यासमोर पांढरा पक्षी असेल, तर एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करा, नाहीतर पिसांचा तपशील जळून जातो. उजळ आकाशासमोर मात्र उलटे, थोडे वाढवा. मोबाइलवर हे जमणे अवघड. दुर्बिणीतून पंख पाहून लगेच टिपण केलेले बरे.

ई-बर्डसारख्या ठिकाणी नोंद टाकताना तारीख, जलाशयाचे नाव आणि हेच पंखाचे फोटो जोडा. चुकीच्या नावाची नोंद फोटोमुळे नंतरही दुरुस्त करता येते. नुसत्या नावाची येत नाही. खात्री नसेल, तर 'कुरव, जात अनिश्चित' लिहिण्यात कमीपणा नाही.

आणि पक्षी जवळ यावेत म्हणून शेव-फरसाण फेकू नका. मुंबईच्या किनाऱ्यावर हा प्रकार सर्रास चालतो. फोटो झकास येतात, पण खारट, तळलेले पदार्थ हे कुरवाचे खाणे नाही. काठावर शांत बसलात, तर तो घिरट्या घालत आपणहून जवळून जातो.