Explained : घरच्यांपासूनच जिवाला धोका असेल, तर मुलीने जायचे कुठे?

जातीबाहेर लग्न केलेली किंवा घरच्यांनी ठरवलेले लग्न नाकारणारी मुलगी रात्री श्रीरामपुरातून निघाली, तर तिला सुरक्षित छप्पर कुठे मिळेल? कागदावर उत्तर आहे. ते जिल्ह्याच्या ठिकाणी, साठ-सत्तर किलोमीटरवर आहे.

हा धोका काल्पनिक नाही. शेजारच्या नेवासा तालुक्यातील सोनईत जानेवारी 2013 मध्ये आंतरजातीय प्रेमसंबंधाच्या रागातून तीन दलित तरुणांची हत्या झाली. खटल्याचा निकाल 2018 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयात लागला. अशा प्रकरणांत आरोपी आणि शिक्षेची चर्चा खूप होते. मुलीला वेळीच कुठे जाता आले असते, हे फारसे कोणी विचारत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ते विचारले. शक्ती वाहिनी प्रकरणात 27 मार्च 2018 रोजी न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी जिल्हा पातळीवर सुरक्षागृहे आणि विशेष कक्ष उभारण्यास सांगितले. नाममात्र शुल्कात आधी एक महिना आणि गरजेनुसार जास्तीत जास्त वर्षभर राहता येईल, असे निकालात आहे. लग्न अजून झालेले नसले तरी संरक्षण मिळते. राज्याच्या गृह विभागाची कार्यपद्धती यायला मात्र डिसेंबर 2024 उजाडले.

एकटीचे काय?

ही व्यवस्था जोडप्यांसाठी आहे. सोबत कोणीच नसलेल्या मुलीसाठी सखी वन स्टॉप सेंटर आहे, पण तिथला मुक्काम साधारण पाच दिवसांचा. पुढे शक्ती सदन. वय 18 पेक्षा कमी असेल, तर बालकल्याण समिती.

तुर्कस्तानातील एका कुर्द महिलेने हाच प्रश्न युरोपात नेला. बळजबरीचे लग्न, मारहाण आणि घटस्फोटानंतर घरच्यांकडून जिवाची भीती, म्हणून तिने बल्गेरियात आश्रय मागितला. 1951 च्या निर्वासित करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट आणि राजकीय मत ही पाचच कारणे आहेत. 'स्त्री असणे' त्यात नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये सांगितले की, महिलांनाही असा सामाजिक गट मानता येईल. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. शिवाय श्रीरामपूरच्या मुलीने सीमा ओलांडलेलीच नसते. तिला आश्रय द्यायचा तो आपल्याच पोलीस ठाण्याने.

आणि अडते तिथेच. घरचे 'मुलगी बेपत्ता' अशी तक्रार देतात, मुलगी सापडते, मग तिची 'समजूत काढली' जाते. सज्ञान मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध पालकांच्या ताब्यात देता येत नाही. समजूत काढायचीच असेल, तर ती घरच्यांची काढावी.

सुरक्षागृह जिल्ह्याला असायला हरकत नाही. पण तालुक्याच्या ठाण्यातून रात्री तिथवर नेणारी गाडी, सोबत महिला पोलीस आणि जबाब घेताना नातेवाईक खोलीबाहेर, एवढे तरी श्रीरामपुरात हवे.

तोवर हे क्रमांक मोबाइलमध्ये असू द्या : पोलीस 112, महिला हेल्पलाइन 181, चाइल्डलाइन 1098, मोफत कायदेशीर मदत 15100. मोफत वकील मिळण्यासाठी महिलांना उत्पन्नाची अट नाही.